वहिवाट कुणाची? बुधवार पेठेच्या रस्त्याचा इतिहास

‘रस्ता सर्वांचा आहे’ हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचायला बरे वाटते. बुधवार पेठेत उभे राहिले की ते खोटे पडायला पाच मिनिटे पुरतात. इथे उत्सवाचा मंडप रस्त्यात उभा राहतो, त्याला परवानगी मिळते. थोड्या अंतरावर पथारी मांडून बसलेल्या बाईचा माल अतिक्रमणाची गाडी उचलून नेते. पलीकडच्या बोळात दारात उभ्या असलेल्या बाईला पोलीस ‘आत हो’ म्हणून दटावतात. आणि या सगळ्यांच्या पायाखालचा फूटपाथ केबल टाकण्यासाठी कंपनी खोदते, तेव्हा तिच्या मुकादमाच्या हातात रीतसर कागद असतो. रस्ता एकच, महापालिका एकच. वापरणारा बदलला की कलम बदलते आणि कलमाबरोबर साहेबाचा आवाजही बदलतो.

वाहतूक कोंडी, अतिक्रमण, शहराचे सौंदर्य अशा शब्दांत ही चर्चा अडकवली की जात दिसेनाशी होते. आम्ही या पेठेतल्या बायका-मुलांसोबत काम करतो. आमचे म्हणणे असे की पुण्यात रस्ता वापरण्याच्या परवानगीचा इतिहास हा जातीच्या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांनी तारखा-कलमांसकट पाठ केला पाहिजे. घोषणा देऊन गाडीत टाकलेला माल परत मिळत नाही.

पेठेपासूनच सुरू करू. १७०३ च्या सुमारास, औरंगजेबाच्या काळात ही पेठ मुहियाबाद नावाने वसली. वाराचे नाव पेशव्यांनी दिले. पेशवाईत पुण्याचा रस्ता कोतवालाच्या ताब्यात होता. बाजारातले भाव ठरवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, घरांच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणे आणि रस्ते, बोळ, घरे यांचे तंटे मिटवणे ही त्याची कामे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्याला त्याचे शिपाई धरत. १७७७ ते १७९१ या काळात घाशीराम कोतवालाने ही सत्ता कशी वापरली ते सगळ्यांना माहीत आहे. बुधवार पेठेत ‘कोतवाल चावडी’ हे ठिकाणाचे नाव आजही चालते. दगडूशेठ हलवाई गणपतीचा उत्सव मंडप वर्षानुवर्षे याच कोतवाल चावडीपाशी उभा राहिला, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो. जिथून रस्त्यावर हुकूम चालायचा तिथेच रस्ता अडवायची मुभाही मिळाली.

पण कोतवालाची चावडी हा सगळ्यांसाठीचा कायदा झाला. आपल्या पूर्वजांसाठी त्याच्याही वर एक कायदा होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात नोंद आहे की मराठी राज्यात महार-मांगांना दुपारी तीन ते सकाळी नऊ या वेळेत पुण्याच्या वेशीच्या आत येण्याची मनाई होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त पुण्याच्या रस्त्यावरच्या गळ्यातल्या मडक्याचा आणि कमरेच्या झाडूचा उल्लेख केला, तो तर आपल्या चळवळीत घरोघरी माहीत आहे.

यावर हल्ली एक ठरलेला प्रतिवाद येतो. पेशवे दफ्तरात मडक्याचा हुकूम दाखवा, नाहीतर ही दंतकथा माना. हा प्रतिवाद ऐकून आपली मुले गोंधळतात, म्हणून थोडे थांबू. अस्पृश्यतेची बहुतेक बंधने हुकूमनाम्याने आलेलीच नाहीत. विहिरीवर पाणी भरू न देण्याचा लेखी हुकूम किती गावांच्या दफ्तरात सापडतो? जे बंधन सगळा गाव पाळतो, ते लिहून ठेवायची गरज कुणाला पडते? लिहावे लागते ते ज्याच्यावर वाद होतो ते. आणि ज्यांना साक्ष हवी आहे त्यांनी मुक्ता साळवे वाचावी. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षे झाली होती. म्हणजे तिच्या घरातल्या आजी-आजोबांनी ते राज्य डोळ्यांनी पाहिलेले होते. ती सांगते की तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा खेळ होई. तिला देवळात न जाता आल्याचे किंवा दान न मिळाल्याचे उदाहरण आधी सुचले नाही. सुचले ते एका इमारतीसमोरून चालत जाण्याचे. पुण्यात दलिताच्या वाट्याला आलेले भय हे रस्त्यावरचे भय होते, हे यावरून कळते. दफ्तरखान्यात बसून कागद मागणाऱ्यांच्या पुराव्याच्या व्याख्येत या मुलीचा निबंध का बसत नाही, हा प्रश्न आपणही विचारू शकतो.

१८१८ नंतर वेळेची बंदी गेली, पण रस्ता मोकळा झाला असे नाही. १ जानेवारी १८४८ रोजी याच बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. शाळा खासगी वाड्यात होती, तिथे कुणी अडवायला आले नाही. अडवले ते वाटेत. शेण, चिखल, दगड हे सावित्रीबाईंच्या अंगावर रस्त्यात पडले आणि त्यांना जास्तीचे लुगडे बरोबर ठेवावे लागले. शिकवण्याचा हक्क मिळवण्याआधी त्यांना शाळेपर्यंत चालत जाण्याचा हक्क मिळवावा लागला, आणि तो त्यांनी रोज चालून मिळवला. (त्या वाड्याच्या स्मारकासाठी पुढे वर्षानुवर्षे कोर्टकज्जा चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंचे म्हणणे फेटाळले आणि डिसेंबरमध्ये महापालिकेने मोडकळीला आलेला वाडा रातोरात उतरवला.)

पुणे नगरपालिका १८५७ च्या सुमारास सुरू झाली आणि रस्त्याचा कारभार चावडीवरून कचेरीत गेला. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे या नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळात भाजीबाजार शनिवार वाड्यापुढच्या मोकळ्या मैदानात जमिनीवर भरायचा. नगरपालिकेने त्यासाठी मोठी दगडी इमारत बांधायचे ठरवले, तेव्हा जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. इमारत झालीच, १८८६ मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला तिच्यावरच त्यांचे नाव आहे, हे सांगितले की लोक हसतात. हसण्यासारखे आहेच, पण त्यातली मेख पाहा. उघड्यावर बसणाऱ्याला छताखाली न्यायचे, गाळा द्यायचा, गाळ्याला भाडे लावायचे आणि मग जो बाहेर उरला त्याला बेकायदा ठरवायचे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. आजही फेरीवाल्यांचे ‘पुनर्वसन’ करायचे म्हटले की साहेबांना आधी इमारत सुचते.

आता ‘वहिवाट’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा कायदा त्याच्याभोवती फिरतो. एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षे ये-जा करत असतील तर त्या वाटेवर त्यांचा हक्क तयार होतो. चांगले तत्त्व आहे. पण जातीने ते उलटे वापरले: आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे येऊ दिले नाही, म्हणून न येऊ देणे हीच आमची वहिवाट. वायकोमला १९२४ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हताच. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. १९२५ अखेर तो मिटला तेव्हाही पूर्वेकडचा रस्ता अवर्णांना बंदच राहिला.

महाडला बाबासाहेबांनी या वहिवाटीच्या मुळावर घाव घातला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाय ठेवायला कुणी धजत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे लोक महाडच्या रस्त्यांतून शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेले. आपण पाणी पिण्याचा क्षण लक्षात ठेवतो; त्याआधी भर पेठेतून झालेले ते चालणे विसरतो. नंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला: अस्पृश्यांनी तळे न वापरणे ही अनादी काळापासूनची रूढी आहे. दहा वर्षे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादी रूढी सिद्ध होत नाही म्हणून तो फेटाळला. तळे नगरपालिकेचे होते, ही गोष्ट त्यात कळीची ठरली. सार्वजनिक मालमत्तेवर ‘परंपरा’ सांगणाऱ्याने ती सिद्ध करावी, हा धडा आपल्या हातात तेव्हापासून आहे. आपण तो फार कमी वापरतो.

पुण्यात मिरवणुकीच्या वहिवाटीचे दुसरे रूप दिसते. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने रस्ता धरला. मानाचे पाच गणपती ठरले. त्यांतले तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम आणि तुळशीबाग हे तीन बुधवार पेठेतले. विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर आधी कोण जाणार, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही. ‘मान’ या शब्दाने ते चालते आणि पोलीस बंदोबस्त त्या मानाप्रमाणे लागतो. आम्हाला कुणाच्या श्रद्धेशी भांडण उकरायचे नाही. प्रश्न एवढाच की सार्वजनिक रस्त्यावर ‘मान’ नावाची वहिवाट सरकारी यंत्रणा बिनतक्रार मान्य करते, आणि तीस वर्षे एकाच कोपऱ्यावर बसलेल्या पथारीवालीची वहिवाट मात्र ‘अतिक्रमण’ ठरते.

आपल्या लोकांनीही पुण्याचा रस्ता मिरवणुकीनेच मिळवला. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ मध्ये पुण्यात बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली आणि प्रतिमेची मिरवणूक काढली, असे आपल्याकडे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांनी पर्वतीचा सत्याग्रह केला तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले. एकाच शहरात एका वर्षाच्या अंतराने या दोन घटना घडतात. कुठवर चालू द्यायचे आणि कुठे दगड मारायचा याची सीमा सवर्ण समाजाने मनात आखून ठेवलेली होती.

संविधानाने ती सीमा पुसली. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड अनेकांनी शाळेत पाठ केला असेल, पण त्यातला ‘रस्ते’ हा शब्द निसटतो. राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर जातीवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. वायकोम, महाड, पुणे या तिन्ही ठिकाणांचा अनुभव या एका ओळीत उतरलेला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने रस्ता वापरण्यापासून आणि मिरवणूक काढण्यापासून अडवणे हा गुन्हा ठरवला. आणि २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक ठिकाणी चप्पल घालणे, सायकल-मोटारसायकल चालवणे, लग्नाची वरात काढणे, घोड्यावर बसणे यांत अडथळा आणणे हेही आले. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावे लागले, म्हणजे सीमा कागदावर पुसली तरी कुठे उरली आहे ते समजा.

मिरवणुकीचा आणि सभेचा परवाना पोलीस देतात तो १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली केलेल्या नियमांनुसार. याच कलमावर अहमदाबादचा हिंमतलाल शहा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा नागरिकाला हक्क आहे. पोलीस त्याचे नियमन करू शकतात, पण मनाला येईल तसा नकार देण्याचा अधिकार नियमाने त्यांना देता येणार नाही. आपल्या किती कार्यकर्त्यांना हा निकाल माहीत आहे? एका कार्यालयात जयंतीच्या परवानगीसाठी आमच्याकडे ‘मागच्या वर्षीचा परवाना आणा’ अशी मागणी झाली. पहिल्याच वर्षी अर्ज करणाऱ्याने तो कुठून आणायचा? पुन्हा तीच वहिवाट: ज्याला आधी मिळाले त्यालाच पुढे मिळणार.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रस्ता अडवणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, ते आपल्या जयंतीच्या मंडपालाही लागू आहे. भिंतीएवढे स्पीकर लावून वस्तीतल्या म्हाताऱ्यांची झोप उडवणारी जयंती बाबासाहेबांच्या कुठल्या विचारात बसते ते आम्हाला उमगलेले नाही. समान नियमांची मागणी करणाऱ्याने नियम आधी आपल्या मंडपाला लावून घ्यावा, मग शेजारच्या मंडपाकडे बोट दाखवायला जोर येतो.

आता पोटाच्या प्रश्नाकडे. पुणे महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमावर चालते त्याचे कलम २३१ आयुक्तांना रस्त्यावर मांडलेली किंवा विक्रीला ठेवलेली वस्तू नोटीस न देता हटवायचा अधिकार देते. त्याच कायद्यात सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मंडप उभारायला लेखी परवानगी देण्याचीही सोय आहे. म्हणजे देवाला कागद, बाईला गाडी. मुंबईच्या कायद्यातले असेच नोटीस न देण्याचे कलम १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात तपासले गेले. नोटीस न देण्याची मुभा हा नोटीस न देण्याचा आदेश नव्हे, असे न्यायालय म्हणाले. १९८९ च्या सोदान सिंग निकालात पाच न्यायमूर्तींनी रस्त्यावर व्यवसाय करणे हा अनुच्छेद १९ खालचा हक्क मानला, फक्त ठरावीक जागेवर हक्क सांगता येणार नाही असे जोडले. आणि २०१४ मध्ये पथ विक्रेता कायदा आला.

हा कायदा वाचा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा. नगर पथ विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका, आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्य, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. जुन्या कायद्यांशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ राहील, असेही त्यातच लिहिले आहे. म्हणजे कलम २३१ चा धाक दाखवणाऱ्या साहेबाला २०१४ चे पान दाखवता येते. पुण्यात बाबा आढाव यांच्या पथारी व्यावसायिक पंचायतीने हे संघटित बळ कितीतरी आधी उभे केले. आंबेडकरी संघटना मात्र या प्रश्नाला अजून ‘कामगारांचा प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवतात. पथारीवर बसलेल्या बायकांची आडनावे वाचा, मग ठरवा कुणाचा प्रश्न आहे.

तुलनेसाठी केबलवाली कंपनी घ्या. २०१६ च्या टेलिग्राफ मार्गाधिकार नियमांत म्हटले होते की साठ दिवसांत अर्जावर निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. कचेरी झोपली तर कंपनीचा फायदा. पथारीवालीच्या अर्जावर कचेरी झोपली तर ती ‘विनापरवाना’. तिलाही साठ दिवसांचा तोच नियम का नको?

गटई कामगारांची गोष्ट याच जातीची. रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या चर्मकार बांधवांना समाजकल्याण खाते शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देते. चांगली योजना आहे. अट अशी की स्टॉल ठेवायची जागा स्थानिक संस्थेने अधिकृतपणे ताब्यात दिलेली असावी. एक सरकारी हात पत्रा देतो आणि दुसरा जागा देत नाही. बाबासाहेब जातीला श्रमिकांची विभागणी म्हणाले. इथे तर चर्मकाराला त्याच धंद्यात ठेवायला स्टॉल तयार आहे आणि बसायला फूटपाथ नाही.

शेवटी त्या बोळातल्या बाया, ज्यांच्याबद्दल बोलताना आपलीही चळवळ आवाज खाली करते. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा शरीरविक्रयाला सरसकट गुन्हा म्हणत नाही. तो रस्त्याला धरतो. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत धंदा केला तर गुन्हा. बुधवार पेठेत कुठेही उभे राहा, दोनशे मीटरांत देऊळ सापडणारच. सार्वजनिक ठिकाणी किंवा तिथून दिसेल असे उभे राहून गिऱ्हाईक बोलावले तर कलम ८ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषाने केला तर तीन महिन्यांपर्यंत. हा फरक कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे, आम्ही रचलेला नाही. कलम २० खाली दंडाधिकारी बाईला एखाद्या भागातून हद्दपार करू शकतो. संचारस्वातंत्र्याच्या आधारे कानपूरच्या बायांनी त्याला आव्हान दिले, तेव्हा १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने या बायांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे सांगितले. कलम २० मात्र पुस्तकात आहेच.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या मुरळी-जोगतिणींना हा धंदा सोडा असे निक्षून सांगितले. ते भाषण आपले काही कार्यकर्ते या बायांना गप्प करायला वापरतात. बाबासाहेब त्यांच्याशी बोलायला गेले होते, त्यांच्या मागे पोलीस लावायला नव्हे. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या दलित मुली या पेठेत कशा पोचल्या हे माहीत असलेल्या माणसाने त्यांना दारातून आत ढकलणाऱ्या शिपायाची बाजू घेऊ नये. दुपारी तीननंतर वेशीबाहेर राहा असे सांगणारी व्यवस्था आणि दिसशील अशी उभी राहू नकोस असे सांगणारी व्यवस्था यांत आम्हाला नाते दिसते. धंदा सोडून पथारी टाकू इच्छिणाऱ्या बायका या पेठेत आहेत. पण सर्वेक्षण झाले तेव्हा त्या विक्रेत्या नव्हत्या, म्हणून यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही.

त्यामुळे सध्या आम्ही एक साधे काम हाती घेतले आहे. बुधवार पेठेच्या हद्दीत मंडप, पथारी, स्टॉल आणि खोदाई यांच्या किती परवानग्या गेल्या पाच वर्षांत दिल्या, किती नाकारल्या, नकाराचे कारण काय लिहिले आणि पथ विक्रेता समितीत अनुसूचित जातीच्या किती बायका आहेत, एवढी माहिती मागायची. अर्ज मराठीत, एका पानाचा. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तरासाठी तीस दिवस मोजायचे. ज्यांना आपल्या पेठेसाठी, आपल्या शहरासाठी असाच अर्ज करायचा आहे त्यांनी नमुना आमच्याकडून घ्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.